रेसचा घोडा दारात आला, पण हा नेमका कोण? ओळख आणि पूर्वेतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचा आणि मुंबईचा रेसचा हंगाम संपला की काही घोडे ट्रॅकवर परत जात नाहीत. एखादा रायडिंग स्कूलमध्ये जातो, एखादा कुणाच्या शेतावर, एखादा वरातीच्या घोडेवाल्याकडे. काही दोन-तीन हात बदलून थेट यात्रेच्या बाजारात उभे राहतात. तोवर कागद हरवलेले असतात, नाव बदललेलं असतं आणि वय सांगणाऱ्याच्या सोयीनं ठरलेलं असतं. मग नवा मालक विचारतो, याचं खरं नाव काय, आई-बाप कोण, पायाला काय झालं होतं? माझ्याकडे सतत येणारे असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीलाच एक आग्रह धरतो. नावावरून घोडा शोधायला जाऊ नका, घोड्यावरून नाव शोधा.

१. रेसचा घोडा म्हणजे नेमका कोणता? कोणत्याही चपळ घोड्याला तसं म्हणता येईल का?

नाही. आज आपल्याकडच्या टर्फ क्लबांच्या शर्यतींत धावणारे घोडे थरोब्रेड जातीचे असतात. एके काळी मुंबईत अरबी घोड्यांच्याही शर्यती होत, पण तो काळ मागे पडला. थरोब्रेडची नोंदवही, म्हणजे स्टड बुक, इंग्लंडमध्ये १७९१ मध्ये सुरू झाली. बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन वळू घोड्यांपर्यंत या जातीचा पितृवंश जातो. भारतातल्या थरोब्रेडच्या नोंदी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि तिचं कार्यालय पुण्यातच आहे.

याचा फायदा असा, की शिंगराचा बाप, आई, जन्मतारीख, लिंग, रंग आणि अंगावरच्या खुणा लहानपणीच नोंदल्या जातात. बाजारातल्या बहुतेक घोड्यांना जन्माचा कागदच नसतो. रेसच्या घोड्याला तो असतो, फक्त घोडा आणि कागद यांची ताटातूट झालेली असते.

२. माझ्याकडे घोडा आहे, कागद एकही नाही. सुरुवात कुठून करू?

घोड्याच्या अंगापासून. आधी मानेत टोचलेली ओळख-क्रमांकाची चिप वाचून घ्या (प्रश्न ४). मग खुणा आणि भोवरे नीट नोंदवा, फोटो काढा (प्रश्न ७). दातांवरून वयाचा अंदाज घ्या (प्रश्न ९). एवढं हातात आलं की स्टड बुकच्या कार्यालयाला लिहा. पत्रात चिपचा क्रमांक, फोटो, लिंग, रंग, अंदाजे वय, घोडा कुणाकडून कधी आणि कुठे मिळाला हे सगळं असू द्या. विक्रेत्यानं सांगितलेलं नावही लिहा, पण ‘असं सांगितलं गेलं’ या शब्दांत. नुसतं नाव लिहून ‘हा माझा घोडा आहे का’ असं विचारलं तर समोरच्या माणसाला पडताळायला काहीच मिळत नाही.

३. पासपोर्ट म्हणजे काय? त्यात काय काय असतं?

घोड्याचा पासपोर्ट ही छोटी पुस्तिका असते. नाव, जन्मतारीख, रंग, लिंग, आई-बाप, चिपचा क्रमांक आणि घोड्याच्या बाह्याकृतीचं रेखाचित्र तिच्यात असतं. या रेखाचित्रात पांढऱ्या खुणा लाल शाईनं भरायच्या आणि भोवऱ्याच्या जागी काळ्या शाईनं फुली मारायची, अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे.

बहुतेक लोक नाव वाचतात आणि पुस्तिका मिटतात. माझं म्हणणं, लसीकरणाची पानं आधी उघडा. प्रत्येक लशीसमोर तारीख, पशुवैद्यकाची सही आणि बहुधा शिक्का असतो. त्यावरून घोडा कोणत्या वर्षी कोणत्या शहरात होता हे ओळीनं लागतं. सलग नोंदी मध्येच तुटल्या असतील, तर बहुधा तिथेच तो रेसमधून बाहेर पडलेला असतो.

४. चिप कुठे असते आणि वाचायला कुणाकडे जायचं?

मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या किंचित खाली, कानामागचा भाग आणि खांद्यावरचा उंचवटा यांच्या साधारण मध्यावर. तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी काचेची नळी असते ती, आत स्नायुबंधात बसवलेली. बाहेरून दिसत नाही, सहसा हाताला लागतही नाही.

गावात घोड्यांचा डॉक्टर नाही म्हणून अनेक जण इथेच अडकतात. पण प्रचलित मानकाची चिप घोड्याला आणि कुत्र्याला एकाच पद्धतीची असते, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी पाळीव कुत्र्यांच्या दवाखान्यात जो रीडर असतो तोच चालतो. डॉक्टरांना विनंती करून रीडर घोड्यापर्यंत आणा. १५ आकडे दिसतील. ते हातानं उतरवून घेऊ नका, पडद्याचा फोटो काढा आणि दोनदा वाचून ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी शोध भलत्या दिशेनं जातो.

५. रीडर फिरवला, पण चिप लागली नाही. म्हणजे हा रेसचा घोडा नाही का?

लगेच तसं समजू नका. आधी लोखंडी कड्यांची म्होरकी काढा, धातूमुळे वाचनात अडथळा येतो. रीडरची बॅटरी तपासा. मग कानामागून खांद्यापर्यंत अगदी सावकाश, त्वचेला टेकवून, दोन्ही बाजूंनी फिरवा. चिप क्वचित जागेवरून सरकते, म्हणून खांदा आणि छातीची बाजूही पाहा. जुन्या काही चिपा वेगळ्या वारंवारितेवर चालत, त्या साध्या रीडरला दिसत नाहीत. अशा वेळी सगळ्या प्रकारच्या चिपा वाचणारा रीडर असलेला पशुवैद्यक गाठावा लागतो.

एवढं करूनही काही नाही मिळालं, तर खुणा आणि डीएनए हे दोन मार्ग उरतात (प्रश्न ७ आणि १५).

६. चिपच्या पहिल्या तीन आकड्यांवरून देश कळतो ना?

कधी कळतो, कधी नाही. पहिले तीन आकडे देशाचा संकेतांक असू शकतात. भारताचा ३५६, ब्रिटनचा ८२६, आयर्लंडचा ३७२, फ्रान्सचा २५०. पण क्रमांक ९०० च्या पुढचा असेल तर बहुधा तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा असतो आणि तिच्या चिपा कुठल्याही देशात टोचल्या जातात. ‘९ नं सुरू होतो म्हणजे इम्पोर्टेड’ असं सांगून किंमत वाढवणारे विक्रेते भेटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

७. खुणा आणि भोवरे कसे नोंदवायचे? फोटो कसे काढायचे?

आधी चारही पाय धुवा. पायाच्या पांढऱ्या खुणा चिखलात दिसत नाहीत आणि ओळख नेमकी तिथेच चुकते. घोडा सपाट जागी, सारख्या सावलीत उभा करा. कडक उन्हात फोटो काढला तर चमकणारे केस पांढरे वाटतात. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून असे पूर्ण फोटो घ्या. मग डोकं समोरून आणि प्रत्येक पाय जवळून.

पांढरी खूण कुठून कुठपर्यंत आहे ते शब्दांत लिहा. नुसतं ‘कपाळावर टिकला’ पुरत नाही. तो डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, मध्यावर आहे की एका बाजूला सरकलेला, खाली नाकाकडे पट्टा उतरतो का, तो ओठापर्यंत जातो का? पायाला पांढरं असेल तर फक्त टाचेला, खुराच्या वर गोल, की गुडघ्यापर्यंत? पांढऱ्यात काळे ठिपके आहेत का? खूर काळा आहे की पट्ट्यापट्ट्यांचा?

अंगावर एकही पांढरा केस नसलेला घोडा सगळ्यात अवघड. तिथे भोवरे कामाला येतात. कपाळावर, मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याशी, छातीवर, कुशीजवळ केस फिरून भोवरा होतो आणि त्याची जागा आयुष्यभर बदलत नाही. आपल्याकडे भोवरा पाहतात तो शुभ-अशुभासाठी. गळ्यावरच्या देवमणीसाठी, म्हणजे शुभ मानलेल्या भोवऱ्यासाठी, लोक जादा पैसे मोजतात आणि भलत्या जागी भोवरा असलेला गुणी घोडा नाकारतात. नशीब त्यातून कळतं यावर माझा विश्वास नाही. पण भोवरा नेमका हेरणारी जुन्या घोडेवाल्यांची नजर मात्र अस्सल आहे. असा एखादा जाणता माणूस ओळखीचा असेल तर नोंद करताना त्याला शेजारी उभा करा. आपल्याला दोन भोवरे दिसतात तिथे त्याला पाच दिसतात.

आणखी एक जागा म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला असणारा शिंगासारखा टणक, खडबडीत चट्टा. पुढच्या पायांना तो गुडघ्याच्या वर असतो. त्याचा आकार घोड्यागणिक वेगळा असतो, म्हणून त्याचाही जवळून फोटो ठेवा.

घोड्याचं असं वर्णन नोंदवणं आपल्याकडे नवीन नाही. अलाउद्दीन खिलजीनं आणि पुढे अकबरानं लष्करी घोड्यांना डाग देण्याची पद्धत कडक केली. हजेरीला चांगला घोडा दाखवून मोहिमेवर मरतुकडा न्यायचा, ही लबाडी त्यांना थांबवायची होती.

८. कागदावर घोडा ‘बे’ लिहिलाय आणि समोरचा तर पांढरा आहे. फसवणूक आहे का?

असेलच असं नाही. सबजा, म्हणजे कागदावरचा ग्रे, घोडा जन्मतः गडद असतो. कुमैत (कागदावरचा बे, काळ्या आयाळीचा तपकिरी), सुरंग किंवा काळा. वर्षागणिक त्यात पांढरे केस वाढत जातात आणि बऱ्याचदा म्हातारपणी तो पूर्ण पांढरा दिसतो. शिंगरू असताना केलेल्या नोंदीत जुना रंग राहून गेला असेल तर असा विरोधाभास दिसतो. पाय भिजवून पाहा, खाली गुलाबी कातडी असेल तिथे मूळची पांढरी खूण होती.

रंगावरून तीन कसोट्या सांगतो. सबजा घोड्याच्या आई-बापांपैकी किमान एक सबजा असलाच पाहिजे. दोन्ही पालक सुरंग, म्हणजे चेस्टनट, असतील तर शिंगरूही सुरंगच होतं, कुमैत होत नाही. आणि पाठीवरून खाली उतरणारे मोठे पांढरे पट्टे असलेला अबलख घोडा बहुधा शुद्ध थरोब्रेड नसतो. वंशावळीतले रंग आणि समोरचा घोडा या नियमांत बसत नसतील, तर कागद बहुधा दुसऱ्याचे आहेत.

९. दात पाहून वय किती खात्रीनं सांगता येतं?

पाच वर्षांपर्यंत बऱ्याच खात्रीनं. समोरच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांला बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कोपऱ्यातली साडेचारला. पाच वर्षांला तोंड भरतं. पुढे खालच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान क्रमानं झिजतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्याला टोकापर्यंत पोहोचते.

दहाच्या पुढे मात्र दोन-चार वर्षांचा फरक सहज पडतो. चारा, वाळू, दाव्याला दात घासण्याची सवय, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून दात हा पुरावा नव्हे, चाळणी आहे. कागदावर सहा वर्षं आणि खाच अर्ध्यावर आलेली, तर कागद बाजूला ठेवा.

१०. जन्म एप्रिलचा, पण वय १ जानेवारीपासून मोजलंय. चूक आहे का?

नाही. आपल्याकडे रेसच्या घोड्याचं अधिकृत वय १ जानेवारीला वाढतं, प्रत्यक्ष जन्म कधीचाही असो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हा दिवस १ ऑगस्ट आहे. त्यामुळे तिकडून आलेल्या घोड्याच्या वयात काही महिन्यांचा गोंधळ दिसतो. शोध घेताना वय लिहू नका, जन्मवर्ष लिहा.

११. खांद्यावर डाग आहे किंवा ओठाच्या आत काही गोंदलंय. त्याचा अर्थ काय?

घोडा परदेशातून आला असण्याची शक्यता आहे. ऑस्ट्रेलियात सहसा डाव्या खांद्यावर पैदासकाराची खूण आणि उजव्या खांद्यावर एकाखाली एक दोन आकडे असतात. वरचा त्या वर्षीच्या शिंगराचा अनुक्रम, खालचा जन्मवर्षाचा शेवटचा आकडा. डाग केसांत बुजला असेल तर केस बारीक कापा किंवा पाण्यानं भिजवा, आकार उठून दिसतो.

अमेरिकेत वरच्या ओठाच्या आत गोंदण्याची पद्धत होती. अक्षरावरून जन्मवर्ष कळतं. ‘ए’ म्हणजे १९७१ किंवा १९९७, कारण २६ वर्षांनी अक्षरमाला पुन्हा सुरू होते. तिथे २०१७ पासून जन्मलेल्या शिंगरांना चिप सक्तीची झाली. अमेरिकेत राहणारे आणि ट्रॅकवरून उतरलेला घोडा दत्तक घेणारे मराठी वाचकही मला लिहितात. त्यांनी आधी ओठ आणि मान, दोन्ही पाहावं.

१२. मला फक्त नाव माहीत आहे. तेवढ्यावर शोध लागेल का?

खरं नाव असेल तर लागू शकतो. इंडियन स्टड बुकच्या संकेतस्थळावर नावावरून घोडा शोधता येतो. पण तीन अडचणी येतात. एक, ‘राजा’, ‘बादल’, ‘शेरा’ ही तबेल्यातली हाकेची नावं असतात, नोंदणीची नव्हेत. दोन, तेच नाव काही वर्षांनी दुसऱ्या घोड्याला किंवा दुसऱ्या देशात दिलेलं असू शकतं. तीन, स्पेलिंग. मोतद्दारानं, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्यानं, कानानं ऐकलेलं इंग्रजी नाव तुमच्यापर्यंत येईस्तोवर पार बदललेलं असतं. म्हणून ते मोठ्यानं म्हणून पाहा आणि पाच-सहा प्रकारे लिहून शोधा.

नाव जुळलं तरी काम संपलं असं समजू नका. जन्मवर्ष, लिंग, रंग आणि आईचं नाव या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. आईचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण बापाला एका वर्षात पन्नास-शंभर शिंगरं असू शकतात, घोडीला मात्र वर्षाकाठी एकच.

१३. तो कुठे धावला, किती जिंकला हे कसं कळेल?

नोंदणीचं नाव पक्कं झाल्यावर हा सगळ्यात सोपा भाग. निकाल शर्यती भरवणाऱ्या क्लबांकडे मिळतात. मुंबई-पुण्यासाठी रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, त्याशिवाय बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, म्हैसूर आणि दिल्ली इथले क्लब. घोडा एकाहून जास्त केंद्रांवर धावलेला असू शकतो, म्हणून एकाच ठिकाणी पाहून थांबू नका. निकालातून अंतर, वजन, जॉकी, ट्रेनर आणि क्रमांक कळतो. मी त्याहून जास्त तारखांकडे पाहतो. दर दोन-तीन आठवड्यांनी धावणारा घोडा अचानक आठ महिने गायब असेल, तर त्या काळात बहुधा दुखापत होती. तुमच्या पशुवैद्यकाला जिंकलेल्या कपापेक्षा या माहितीचा उपयोग जास्त.

नोंद आहे पण एकही शर्यत नाही, असेही घोडे असतात. ट्रेनिंगमध्येच जायबंदी झालेले किंवा वेगच नसलेले. त्यानं त्यांचं मोल तसूभरही कमी होत नाही.

१४. विक्रेता म्हणतो, हा डर्बी विजेत्याचा भाऊ आहे. खरं मानू?

आधी विचारा, आईकडून की बापाकडून? घोड्यांच्या जगात भाऊ-बहीण हे नातं आईवरून ठरतं. नुसता बाप एक असेल तर त्यांना भावंडं म्हणत नाहीत. नाहीतर देशातले शेकडो घोडे एकमेकांचे भाऊ ठरतील. आणि खुद्द ‘डर्बीचा घोडा’ म्हणत असतील तर तपासणं आणखी सोपं आहे. महालक्ष्मीवर इंडियन डर्बी १९४३ पासून होते आणि वर्षाला विजेता एकच असतो. डर्बीत नुसता धावलेला आणि जिंकलेला यांतला फरक निकालात दिसतोच.

१५. डीएनए चाचणी केली की नाव कळेल का?

नुसत्या चाचणीतून नाव निघत नाही. अहवालात काही आकडे येतात. ते आधीच्या नोंदीशी ताडून पाहिले तरच ओळख पटते. थरोब्रेडची नोंदणी होताना आई-बापांची खातरजमा डीएनएनं होते, त्यामुळे ताडून पाहायला नोंद असते. पण आधी संशयित नाव किंवा दोन-चार नावांची यादी हवी. म्हणून हा मार्ग शेवटी ठेवा.

नमुना म्हणजे आयाळीचे तीस-चाळीस केस, मुळांसकट उपटलेले. कापलेल्या केसांचा उपयोग नाही. पण कुठेही नमुना पाठवण्याआधी स्टड बुकच्या कार्यालयाला विचारा, कोणत्या प्रयोगशाळेचा आणि कुणी घेतलेला नमुना ते मान्य करतात. स्वतः उपटून पाठवलेले केस तुमच्या समाधानापुरते ठीक, अधिकृत नोंदीसाठी पशुवैद्यकासमोर घेतलेला नमुना लागतो.

१६. पायावर ठिपक्यांच्या ओळी, नस सुजलेली, गळ्याशी जुना व्रण. यातून काय कळतं?

बरंच. पुढच्या पायाच्या नळीमागची कंडरा, जिला घोडेवाले नस म्हणतात, धनुष्यासारखी बाहेर आलेली असेल तर ती कधीतरी फाटून भरून आली आहे. रेसमधून बाहेर पडण्याचं हे फार मोठं कारण. नळीवर किंवा नसेवर ओळीनं बारीक ठिपके किंवा रेघा असतील तर तिथे पूर्वी डागणी दिलेली आहे. गळ्याच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या मागे बारीक व्रण असेल तर स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झालेली असू शकते. असा घोडा पळताना घोरल्यासारखा आवाज करत असावा. पाठीवर पांढऱ्या केसांचे पुंजके म्हणजे खोगिरानं झालेल्या जुन्या जखमा.

हे सगळं नोंदीशी जोडा. प्रश्न १३ मधली आठ महिन्यांची फट आणि धनुष्यासारखी नस एकत्र आली की गोष्ट पूर्ण होते. मी एका घोडीसाठी हे करून पाहिलं. नवे मालक तिला उड्या शिकवत होते, ती अडत होती आणि सगळे तिला हट्टी म्हणत होते. निकालांतल्या तारखा पाहिल्यावर कळलं, की ती दोनदा मोठी विश्रांती घेऊन परत आली होती. सोनोग्राफीत जुनी दुखापत दिसली. उड्या बंद झाल्या, घोडी आता मुलांना चालीवर फिरवते आणि आनंदात असते. ओळख शोधण्याचा माझा सगळा खटाटोप याचसाठी आहे.

१७. जुन्या मालकाला किंवा ट्रेनरला कसं गाठू?

निकालातून ट्रेनरचं नाव कळतं. क्लबच्या पत्त्यावर त्यांच्या नावे छोटं पत्र लिहा, सोबत घोड्याचा आजचा फोटो. मालकी सांगायची नाही, तक्रार नाही, फक्त विचारपूस आहे, हे पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. बरेच जण आनंदानं उत्तर देतात. काही देत नाहीत, त्यांना पुन्हा पुन्हा छळू नका आणि कुणाचा फोन क्रमांक समाजमाध्यमांवर टाकू नका.

माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात जास्त आठवतं ते मोतद्दाराला. रोज पहाटे त्या घोड्याचं अंग चोळणारा, पाय धुणारा माणूस तो. कुठल्या कानाला हात लावू देत नाही, गूळ आवडतो की गाजर, ट्रकमध्ये चढताना कोणत्या बाजूनं घ्यायचा, हे कुठल्याच नोंदीत नसतं. मोतद्दाराकडून तबेल्यातलं हाकेचं नावही मिळतं. त्या नावानं हाक मारून पाहा. कान वळले तर तो कायदेशीर पुरावा नव्हे, पण मी तरी तो क्षण विसरलेलो नाही.

१८. सारंगखेड्याच्या बाजारात ‘रेसचा घोडा’ म्हणून दाखवला. जागेवर काय पाहू?

दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात मारवाडी, काठेवाडी आणि संकरित घोडे मोठ्या संख्येनं येतात. कान पाहा. आत वळून टोकं एकमेकांना भिडू पाहणारे कान मारवाडी-काठेवाडी रक्त सांगतात, थरोब्रेडचे कान सरळ असतात. मग शक्य असल्यास चिप. मोठा बाजार असेल तिथे पशुवैद्यक सहसा असतातच. नाल पाहा. नुकताच ट्रॅकवरून आलेल्या घोड्याला हलकी ॲल्युमिनियमची नाल असू शकते. कागद दाखवले तर रेखाचित्र उघडून एकेक खूण घोड्यावर शोधा, घाई करणाऱ्या विक्रेत्याकडे लक्ष देऊ नका. ग्लँडर्स या जीवघेण्या रोगाची रक्तचाचणी झाली आहे का तेही विचारा. तो माणसालाही होऊ शकतो.

१९. पासपोर्ट मिळाला, पण खुणा जुळत नाहीत. आता?

आधी शांतपणे पुन्हा तपासा. सबजा रंग (प्रश्न ८), जखमेवर उगवलेले पांढरे केस, नोंदणीनंतर खच्ची झालेला घोडा, ही निरुपद्रवी कारणं असू शकतात. मूळ पांढऱ्या खुणेखाली कातडी गुलाबी असते, जखमेवरच्या पांढऱ्या केसांखाली बहुधा नसते.

पण कागदावर मागचे दोन्ही पाय पांढरे आणि समोर एकच, किंवा चिपचा क्रमांक वेगळा, तर पुस्तिका दुसऱ्या घोड्याची आहे. एकाच ट्रकमधून आलेल्या दोन कुमैत घोड्यांची पुस्तकं अदलाबदल झाली, असं नकळतही होतं. माझ्या पहिल्या घोड्याच्या वेळी नेमकं हेच झालं. ज्याच्याकडून घेतला त्यानं ‘तेवढं चालतं’ म्हणून हात झटकले. पुढे त्याच्याकडूनच गेलेला दुसरा घोडा शोधून काढला, तेव्हा दोन्ही पुस्तकं आपापल्या धन्याकडे गेली. तोवर माझ्या घोड्याला दुसऱ्याच्या नोंदी पाहून लशी दिल्या जात होत्या.

जाणूनबुजून केलेली अदलाबदलही इतिहासाला नवी नाही. इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीत फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात, पण १८४४ मध्ये तिथे ‘रनिंग रेन’ या तीन वर्षांच्या घोड्याच्या नावानं मॅकॅबियस हा चार वर्षांचा घोडा धावला आणि जिंकला. वय उघड झाल्यावर विजय दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला दिला गेला. १९८४ मध्ये ब्रिस्बेनला ‘फाइन कॉटन’च्या जागी बोल्ड पर्सनॅलिटी या सरस घोड्याला रंग लावून उतरवलं होतं. तुमच्या बाबतीत संशय असेल तर कागदावर काहीही खोडू नका, स्वतः दुरुस्ती करू नका. फोटो आणि चिपचा क्रमांक स्टड बुकच्या कार्यालयाला कळवा आणि विक्रेत्याला लेखी विचारा.

२०. पासपोर्ट माझ्या हातात आहे, म्हणजे घोडा माझा झाला ना?

नाही. पासपोर्ट घोड्याची ओळख सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. खरेदीची लेखी पावती वेगळी हवी. तिच्यात चिपचा क्रमांक, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या आणि ‘पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही’ यासारखी अट असेल तर तीही. घोडा भेट मिळाला असेल तरी तसं पत्र घ्या.

२१. माझी घोडी थरोब्रेड असल्याचं सिद्ध झालं. तिचं शिंगरू नोंदवता येईल का?

घोडा मारवाडी किंवा दुसऱ्या जातीचा असेल तर नाही. थरोब्रेड वळू घोड्याकडून असेल तरी संयोग नैसर्गिकच हवा. कृत्रिम रेतनानं झालेलं शिंगरू थरोब्रेड स्टड बुकमध्ये घेत नाहीत. शिवाय घोडा-घोडी दोघांची नोंद चालू हवी आणि संयोगाची माहिती वेळेत दिलेली हवी. शिंगरू झाल्यावर विचारलंत तर बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून आधी विचारा.

२२. घोडा गेला, मग त्याचा पूर्वेतिहास कळला. आता कागदांचं काय करू?

स्टड बुकला मृत्यूची तारीख कळवा आणि पासपोर्ट परत करा, म्हणजे ती पुस्तिका दुसऱ्या घोड्याच्या गळ्यात पडणार नाही. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. जुन्या ट्रेनरशी किंवा मोतद्दाराशी पत्रव्यवहार झाला असेल तर त्यांनाही दोन ओळी लिहा. त्यांनी विचारपूस केलेली असते आणि त्यांना कुणीच काही कळवत नाही.